बेचाळिसावा डबा

आमच्या पिठाच्या गिरणीचं वीज गेल्यामुळं कधी नुकसान झालं नाही. जे काही झालं ते वीज जाणार म्हणून मी केलेल्या तयारीमुळं झालं.

सांगवीत तेव्हा वीज जाण्याचं कुणाला नवल नव्हतं. नव्वद सालानंतरची ती वर्षंच तशी होती. वीज गेली तर कुणी मान वर करत नसे, आली की मात्र पोरंसोरं ओरडायची. अशी न सांगता जाणारी वीज मला चालायची. घोटाळा केला तो सांगून जाणाऱ्या विजेनं. चैत्रातल्या एका शुक्रवारी वायरमननं माझ्या दाराला सायकल टेकवली आणि म्हणाला, "नाना, मंगळवारपास्नं गुरुवारपर्यंत लाईन बंद. नवा डीपी बसवायचा हाय. तयारीत ऱ्हावा." (डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. आमच्याकडं म्हातारीकोतारीसुद्धा डीपीच म्हणतात.)

आणि लगेच शुक्रवारी गावची जत्रा!

जत्रा म्हणजे घरटी दहा-पंधरा पाहुणे. एक दिवस पुरणपोळी, दुसऱ्या दिवशी मटण-भाकरी. म्हणजे गहू आलाच, ज्वारी-बाजरीही आलीच, आणि गावात गिरण एकच, ती माझी. सोमवारपर्यंत सगळं दळून झालं नाही तर जत्रेला गाव पाहुण्यांच्या ताटात काय वाढणार? वायरमन गेल्यावर मी छाती पुढं काढून ओट्यावर दोन फेऱ्या मारल्या. एवढं महत्त्व मला माझ्या लग्नातही मिळालं नव्हतं.

आता मालनचं सांगायला पाहिजे, कारण तिच्याशिवाय पुढचं काही कळायचं नाही. मालन माझी बायको. आदल्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि आठ दिवसांत ती गेली. आम्हाला मूलबाळ नव्हतं. उगाच झाकून सांगत नाही, मला फार एकटं वाटायचं. गिरण चालू असली की निभायचं, बंद केली की घर अंगावर यायचं. कधीकधी दळण संपलं तरी मी मोटार पाच-दहा मिनिटं तशीच फिरू द्यायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, दगड मोकळे करतोय.

लोक म्हणायचे, गिरण दोघं नवराबायको मिळून चालवतात. खरं म्हणजे मोटार, पट्टा आणि दगड माझ्याकडं होते आणि माणसं मालनकडं. बायका डोक्यावर डबे घेऊन यायच्या, ओट्यावर टेकायच्या आणि दळण होईपर्यंत त्यांच्या गप्पा मोटारीच्या वर ऐकू यायच्या. डबे सगळे सारखे, गोडेतेलाचे पत्र्याचे. पण प्रत्येकीच्या डब्याच्या तोंडाला जुन्या लुगड्याचं फडकं बांधलेलं असायचं आणि त्या फडक्यावरनं मालनला डबा कळायचा. कुणाला बारीक लागतं, कुणाच्या घरी जाडसर आवडतं, कुणाच्या सासऱ्याला दात राहिले नाहीत, हेही तिला त्या फडक्यावरनंच कळायचं. दगड जवळ-लांब करायचं चाक किती फिरवायचं ते ती मला बोटानं दाखवायची आणि मी फिरवायचो. वीस वर्षांत एक डबा चुकीच्या घरी गेला नाही. मला आपलं वाटायचं, यंत्र चांगलं आहे.

ती गेल्यावर बायका ओट्यावर बसेनाशा झाल्या. माझ्याशी काय बोलणार? मला तीनच शब्द यायचे: "ठेवा", "झालं" आणि "न्या". डबा ठेवायचा आणि निघायचं, सांजच्याला येऊन घेऊन जायचं, असं सुरू झालं. त्यात मी तीन-चार वेळा डबे चुकवले. शेजारच्या पारूवहिनी हसून बदलून न्यायच्या आणि म्हणायच्या, "असूंद्या, भावजी." ते 'असूंद्या' मला फार झोंबायचं. म्हणून मी ठरवलं, जत्रेच्या दळणात एकही डबा चुकू द्यायचा नाही. मालननं वीस वर्षं राखलेलं नाव आपण राखायचं. इथवर सगळं चांगलं होतं. यानंतर माझ्या डोक्यात शिस्त शिरली.

शनिवारी सकाळच्या एस.टी.नं मी बारामतीला गेलो आणि नवा पट्टा, एक लांबलचक वही, जाड खडू आणि एक कंदील आणला. (कंदील कशाला आणला ते मला अजून सांगता येत नाही. कंदिलावर गिरण चालत नाही.) परत आल्यावर दारावर खडूनं लिहिलं: 'वीज बंद राहणार असल्याने जत्रेचे दळण रविवारी दुपारी बारापर्यंत आणून द्यावे. उशिरा आलेल्या डब्याचा विचार होणार नाही. हुकमावरून.' हुकूम कुणाचा ते लिहिलं नव्हतं, पण लोक वाचून जरा दबकले. वाचता न येणाऱ्या बायका तर जास्तच दबकल्या.

त्याच संध्याकाळी निरवांगीहून माझी थोरली बहीण आली. तिला आम्ही आक्का म्हणतो. जत्रा मी एकट्यानं कशी काढणार म्हणून ती पाच-सहा दिवस आधीच वडापच्या (सीटमागं पैसे घेणाऱ्या) जीपमधून येऊन उतरली आणि तिच्यामागं जीपमधून शेळी उतरली. आक्काच्या सासरी एके काळी दोनशे मेंढरं होती. आता तिथं ऊस आणि डाळिंब आहे आणि त्या सगळ्या खांडातली आठवण म्हणून ही एक चंद्री उरलीय. ती गाभण होती. आक्का म्हणाली, तिला मागं ठेवली असती तर माझा जीव हितं लागला नसता. मी म्हटलं, बांध ओट्याच्या खांबाला. हे वाक्य लक्षात ठेवा.

आक्कानं घरात पाऊल टाकलं आणि पिठाचा डबा उघडून बघितला. गिरणीवाल्याच्या घरात चिमूटभर पीठ नव्हतं. मी चहा-पाव खायचो, कधी मारुतीच्या देवळापुढच्या हॉटेलात भजी खायचो. भाकरी थापायला मला येत नाही आणि एकट्यासाठी दळून काय करायचं? तिनं नुसता पदर खोचला, आणि आक्कानं पदर खोचला की समोरच्यानं बाजूला व्हायचं असतं.

रविवारी डबे यायला लागले. माझी पद्धत अशी होती: वहीत नंबर आणि नाव, तोच नंबर कागदाच्या चिठ्ठीवर, चिठ्ठी डब्याच्या पोटाला चिकटवलेली. ऐकायला किती सोपं वाटतं! पण वहीत घरधन्याचं नाव लिहायचं, तर अर्ध्या बायका नवऱ्याचं नाव घेईनात. एकीला विचारलं, तर ती लाजून खांबाआड गेली आणि तिथनं म्हणाली, "लिवा की, बाळूची आई." लिहिलं. पुढचीही बाळूची आई निघाली. बारा वाजेपर्यंत माझ्या वहीत सहा बाळूच्या आया झाल्या. मालनला हे विचारावं लागत नसे. मला वहीशिवाय सुचत नव्हतं, म्हणून मी त्यांना पहिला बाळू, दुसरा बाळू असे नंबर दिले आणि नंबरांनाही नंबर दिले.

चिठ्ठ्या चिकटवायला खळ लागते. ती मी गिरणीतल्याच झाडलोटीच्या पिठाची शिजवली. चांगली दाट, वाफाळती, ज्वारी-बाजरी-गहू सगळं असलेली. आक्का म्हणाली, वास छान येतोय रं. मला वाटलं, माझ्या कामाचं कौतुक करतेय.

आणि फडकी? फडकी मी सोडून घेतली. दळायला डबा उघडायचाच असतो, आणि मोकळी फडकी पट्ट्यात गेली तर नसता ताप. शिवाय आता चिठ्ठी होती. वहीप्रमाणं एकेचाळीस डब्यांची फडकी मी एका पोत्यात कोंबली आणि पोतं माळ्यावर टाकलं. वीस वर्षं बायकोच्या बोटावर चाललेला कारभार मी एका दिवसात कागदावर आणला, असं वाटून मला त्या दुपारी झोपसुद्धा चांगली लागली.

सोमवारी उजाडताच मोटार सुरू केली. मालन आधी गहू घ्यायची, मग ज्वारी आणि शेवटाला बाजरी, म्हणजे बाजरीचा काळपटपणा गव्हात उतरत नाही. माझ्याकडं नंबर होते. एक नंबर गहू, दोन नंबर बाजरी, तीन नंबर पुन्हा गहू. शिस्त म्हणजे शिस्त, मी ओळीनं दळत गेलो. चाकही एकाच जागी ठेवलं. बारीक-जाड कुणाचं काय ते वहीत लिहायचं राहून गेलं होतं. डबा बघायचा नाही, माणूस आठवायचा नाही. आक्का पुढं सरकवेल तो उचलायचा, ओतायचा, भरायचा, बाजूला ठेवायचा. दुपारी चारला शेवटचा डबा झाला. ओट्यावर भिंतीला लागून तीन ओळींत डबे उभे, पोटांवर चिठ्ठ्या. वीज जायला अजून रात्र बाकी होती. मी त्या ओळींसमोर कमरेवर हात ठेवून उभा राहिलो आणि मनात म्हटलं, मालन, बघ. मग आक्काला लक्ष ठेवायला सांगून मी जत्रेची हजामत करून घ्यायला गेलो.

तासाभरानं आलो. ओटा लख्ख झाडलेला होता. आक्काला घाण खपत नाही. एवढं पीठ सांडलेलं बघून तिनं सगळे डबे खांबाजवळ हलवून ओटा झाडला होता, शेणानं सारवला होता आणि डबे पुन्हा नीट, पण तिच्या मनानं लावून ठेवले होते. ते मला चाललं असतं, चिठ्ठ्या होत्या ना. चिठ्ठ्या नव्हत्या. एकाही डब्यावर नव्हत्या. डब्यांची पोटं चाटूनपुसून चकचकीत झाली होती आणि खांबाला बांधलेली चंद्री शांतपणे रवंथ करत होती. तिच्या तोंडातून कागदाचं टोक लोंबत होतं. मी ते ओढलं. त्याच्यावर 'एकवीस' लिहिलेलं होतं.

मला काय झालं ते मलाच कळलं नाही. मी आक्कावर ओरडलो. शेळीवर ओरडलो. झाडूवर ओरडलो. आक्का निवांत म्हणाली, "खळ लावून शेळीम्होरं ठेवलंस, तर ती काय तुझी आरती ओवाळणार व्हय? मालनला चिठ्ठ्या लागत नव्हत्या."

ती साधं बोलली, पण मालनचं नाव मला त्या वेळी सोसलं नाही. मी म्हणालो, "तू तुझी शेळी घे आणि जा निरवांगीला." म्हणायला नको होतं. आक्कानं पिशवी भरली. मंगळवारी सकाळच्या जीपनं ती गेली, शेळीही गेली, आणि अगदी त्याच वेळी वायरमननं सांगितल्याप्रमाणं वीजही गेली. गिरणीत मी आणि डबे उरलो. इतकी शांतता मी मालनच्या दिवसांनंतर ऐकली नव्हती.

आठ वाजल्यापासून बायका यायला लागल्या. पहिल्या आल्या पारूवहिनी. मी वही उघडून म्हणालो, "तुमचा सव्वीस नंबर." त्या म्हणाल्या, बरं, कुठाय? मी वही मिटली. काय झालं ते सांगावंच लागलं. पारूवहिनींनी एकदा डब्यांकडं बघितलं, एकदा खांबाकडं बघितलं, आणि असं काही हसू फुटलं त्यांना की खाली बसल्या. पण या वेळी 'असूंद्या' म्हणाल्या नाहीत. जत्रेचं दळण होतं.

तासाभरात सगळं गाव ओट्यावर जमलं. मी माळ्यावरनं फडक्यांचं पोतं काढून ओतलं. बायकांनी आपापलं फडकं पटकन ओळखून उचललं, आणि मग प्रत्येकीच्या हातात फडकं, पण डबा कुठला ते कुणालाच माहीत नाही! पीठ चिमटीत धरून चोळणं सुरू झालं, वास घेणं सुरू झालं. पण मी बाजरीवर गहू दळलेला, सगळं पीठ एकाच रंगाचं. आणि एकाच चाकावर दळलेलं, म्हणून सगळं एकसारखं बारीक. ज्यांना जाडसर लागायचं त्या म्हणाल्या, आमचं ह्यात न्हाईच. ज्यांना बारीक लागायचं त्यांना सगळेच डबे आपले वाटले.

शेवंता आणि रखमा या सख्ख्या जावा. वेगळ्या निघाल्यापासून दोन वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. दोघींनी एकच डबा धरला, एकीनं इकडनं, दुसरीनं तिकडनं. दोन वर्षांचं साठलेलं बोलणं त्या तिथं उभ्याउभ्या बोलून मोकळ्या झाल्या. मी मध्ये पडलो आणि वही दाखवली. वहीत दोघी 'बाळूची आई' होत्या.

तेव्हा हौसाआजी उठली. आमच्या गावातली सगळ्यात म्हातारी बाई, ऐंशीच्या पुढची, मालनला लेक मानायची. तिनं काठी आपटली आणि म्हणाली, "पिठाला तोंड नसतं. भाकरी बोलंल. चुली मांडा."

आणि खरंच चुली मांडल्या. माझ्या गिरणीच्या दारात तीन-तीन दगडांच्या चार चुली, तवे, काटवटी, आणि ज्या-ज्या डब्यावर वाद त्या-त्या डब्यातली एकेक भाकरी. घरोघरची ज्वारी वेगवेगळ्या रानातली. कुणाची काळ्या मातीतली, कुणाची माळाची, कुणी त्यात मूठभर उडीद घातलेले. भाकरीचा तुकडा मोडायचा, तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे आणि सांगायचं: ही आमची. ही न्हाय, आमची जरा गोड असती. शेवंता आणि रखमानं एकाच भाकरीचे दोन तुकडे खाल्ले, आणि ती दोघींपैकी एकीचीही निघाली नाही. दोघी हसल्या. शेवटी त्यांनी आपले डबे एकमेकींच्या डोक्यावर चढवले आणि बरोबर घरी गेल्या.

मी काय करत होतो? मी खात होतो. उरलेला प्रत्येक तुकडा पारूवहिनी माझ्या हातावर ठेवत होत्या, आणि गावातल्या प्रत्येक घरची भाकरी मी त्या दिवशी खाल्ली. मालन गेल्यापासून पहिल्यांदा तव्यावरची गरम भाकरी. धुरानं डोळ्यांतून पाणी येत होतं. (धुरानंच.) ओट्यावर बायका बसल्या होत्या, मालनच्या वेळेसारख्या, आणि मालनच्याच गोष्टी सांगत होत्या. तिनं कुणाच्या बाळंतपणात किती दिवस काढले, कुणाच्या डब्यात गुपचूप ओंजळभर पीठ जास्त कसं टाकायची. यातलं मला काहीच ठाऊक नव्हतं. मी मोटारीजवळ असायचो ना.

दुपारी चारच्या सुमाराला सगळे डबे गेले. चुली विझल्या, ओट्यावर राख उरली, आणि मी पुन्हा एकटा. आणि भिंतीला लागून एक डबा.

वही काढली. एकेचाळीस नावं, एकेचाळिसांवर खूण. तरी हा बेचाळिसावा डबा, काठोकाठ ज्वारीच्या पिठानं भरलेला. पोतं झटकलं तर तळातून एक फडकं निघालं, जांभळं, त्यावर बारीक पांढरे ठिपके. म्हणजे कुणाचं तरी दळण वहीत लिहायचंच राहिलं. कुणीतरी बिचारी लाजून डबा ठेवून गेली असणार, आणि जत्रेला तिच्या घरी पीठ नसणार. मालनच्या नावाला शेवटी बट्टा लागलाच.

बुधवारी सकाळी मी डब्याला ते फडकं बांधलं, डबा खांद्यावर घेतला आणि घरोघर निघालो. वीस वर्षं त्या गावात राहून मी इतक्या घरांचे उंबरे ओलांडले नव्हते. पहिलं घर पारूवहिनींचं. त्यांनी फडक्याकडं बघितलं, हात लावला, माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, आमचा न्हाय, पण बसा, च्या ठेवते. चहा घेतला. म्हणाल्या, पलीकडं शेवंताकडं विचारा. शेवंतानंही फडक्याला हात लावला, माझ्या तोंडाकडं बघितलं, आमचा न्हाय म्हणाली आणि पोहे दिले. रखमानं सरबत दिलं. पुढं एका घरी जेवायलाच बसवलं आणि जेवताना घरधनी मला विचारत होता की एवढ्या दिवसांत कधी आला कसे नाहीत. सगळीकडं तेच. फडक्याला हात, माझ्याकडं एक नजर, काहीतरी खायला, आणि पुढच्या घराचा पत्ता. पाचव्या बाळूच्या आईपर्यंत मी चौदा कप चहा प्यालो होतो आणि खांदा सोलवटून निघाला होता. मला गावाचा राग यायला लागला. एवढ्या मोठ्या गावात एका बाईला आपला डबा ओळखू येऊ नये?

सगळ्यांत शेवटी हौसाआजीचं घर. मी डबा तिच्यापुढं आदळला आणि म्हणालो, "आजी, ही कोण भवानी हाय ती एकदा सांगा. आपला डबा ठेवून इसरली ते इसरली, वर सगळं गाव मला हिंडवतंय."

आजीनं फडक्यावरनं हात फिरवला. बराच वेळ फिरवला. मग म्हणाली, "आरं येड्या, ह्यो मालनचा डबा. तुझ्याच घरचा. फडकं तिच्या लुगड्याचं हाय."

मग हळूहळू कळलं. आक्कानं माझ्या घरात पीठ नाही बघून माळ्यावरचा मालनचा डबा काढला होता, येताना आणलेली निरवांगीची ज्वारी त्यात भरली होती, वर मालनचंच फडकं बांधलं होतं आणि रविवारी मी फडकी सोडत असताना गुपचूप रांगेत सरकवला होता. त्याचं फडकं मीच माझ्या हातानं सोडलं होतं आणि पोत्यात फेकलं होतं. ते लुगडं ती माझ्यासमोर वर्षानुवर्षं नेसली असणार. पट्ट्याला कुठं चीर आहे ते मला डोळे मिटून सांगता यायचं, आणि हे फडकं बघून मी सगळ्या गावाला विचारत हिंडलो की ही कोण बाई.

"तुमाला लगीच कळलं?" मी विचारलं.

"समद्या गावाला कळलं. पारूनं तर लांबनंच वळखलं."

"मग एकीनं बी सांगितलं न्हाय?"

"सांगून काय केलं असतंस? डबा उचलून घरी गेला असतास, आन् बसला असतास मोटारीपशी." आजी काठी टेकून उठली. "म्हनून म्होरच्या घरी धाडत गेल्या. तेवढंच चार घरी बसलास. आता बस, भाकरी टाकते."

मला रडू आलं. या वेळी चुलीला दोष देता येईना, चूल अजून पेटलीच नव्हती.

गुरुवारी सकाळी पहिल्या जीपनं मी निरवांगीला गेलो. आक्का अंगणात चंद्रीला चारा घालत होती. मी काही बोलायच्या आत तिनं विचारलं, "तुझा डबा घावला का?" मी म्हटलं, घावला. तिनं शेळी सोडली, पिशवी घेतली आणि जीपमध्ये माझ्याआधी बसली. संध्याकाळी वीज आली, शुक्रवारी जत्रा झाली, आणि माझ्या घरी मालनच्या डब्यातल्या पिठाची भाकरी खायला पारूवहिनींच्या घरापासून हौसाआजीपर्यंत सगळे येऊन गेले.

त्यानंतर वीज पुष्कळ वेळा गेली, सांगून गेली, न सांगता गेली. मी पुन्हा तयारी केली नाही. वही आक्कानं चुलीत घातली. वीज नसली की मी ओट्यावर बायकांच्यात बसतो आणि त्या शिकवतात तशी फडकी ओळखायला शिकतो. आता मला गावातले सगळे डबे लांबून ओळखू येतात. कुणाला बारीक, कुणाला जाड, कुठली बाळूची आई कुठली, सगळं पाठ आहे. चिठ्ठी आता गिरणीत एकाच डब्यावर असते, ती माझ्या. आणि ती मी खळीनं लावत नाही, दोऱ्यानं बांधतो. आक्का अजून शेळी घेऊनच येते.